वलंदेजांचे गाव व आमची अगरवेस

परदेशी जाऊन आलेल्या गृहस्थाने निदान सहा महिने तरी आपल्या प्रवासाविषयी मौन पाळावे, असे आमचे मत आहे. व आम्ही ते पाळलेही. आज ते मोडीत आहोत, त्याचे कारण प्रवासाची हौस हे नसून आमच्या जठारपेठेतील घराच्या दारावरची संगमरवरी पाटी हे आहे. हॉलंडातील एका गावाचा आणि आमच्या दाराचा संबंध काय, असे वाचक विचारतील. तो आम्हांसही प्रथम ठाऊक नव्हता.

आमचे चिरंजीव ॲम्स्टरडॅमनजीक ॲम्स्टेलवेन येथे नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्याकडे आमचे दोन महिने वास्तव्य झाले. बखरकारांनी ज्यांस वलंदेज म्हटले, ते हेच लोक. त्यांच्या जुन्या गावांत एक सोय आम्हांस फार आवडली. प्रवासी कचेरीत एक घडीचा कागद मिळतो. त्यावर गावाचा नकाशा, नकाशावर आकडे, व प्रत्येक आकड्याखाली चार ओळींचा मजकूर. तो हाती धरावा आणि आपल्या गतीने चालू लागावे. मागे वाटाड्याची बडबड नाही, पुढे छत्री उंच धरून धावणारी बाई नाही. गुडघे दुखू लागले की कालव्याच्या काठी बाकावर बसावे. इतिहास कोठे पळून जात नाही.

असा एक कागद घेऊन आम्ही उभयता व आमची अकरा वर्षांची नात होर्न या गावी हिंडलो. ॲम्स्टरडॅमहून आगगाडीने सुमारे पाऊण तासाची वाट. एके काळी हे गाव समुद्रावरचे बंदर होते. १९३२ साली मोठा बांध घालून तो समुद्र अडविला गेला आणि आज गावापुढे गोड्या पाण्याचे सरोवर पसरले आहे. बंदराच्या तोंडाशी १५३२ चा बुरूज अद्याप उभा आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे जे भूशिर भूगोलाच्या पुस्तकात केप हॉर्न म्हणून आपण पाठ केले, त्याचे नाव १६१६ साली याच गावावरून पडले, हे आम्हांस कागदावरील आकड्याने सांगितले. शाळेत असताना आम्ही ते शिंगाच्या आकारामुळे पडले असे समजत होतो व तसे उत्तर लिहून गुणही मिळविले होते. असो.

गावाच्या मध्यभागी एक चौक आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'लाल दगड'. पूर्वी तेथे गुन्हेगारांस देहान्त शासन होत असे. आज त्याच्या कडेला १६०९ ची वजनकाट्याची इमारत आहे आणि मधोमध यान पीटरसोन कून याचा पुतळा. हा गृहस्थ १५८७ साली याच गावी जन्मला, वलंदेज कंपनीचा पूर्वेकडील गव्हर्नर जनरल झाला व १६१९ मध्ये त्याने जाव्यात बटाव्हिया वसविली, जिला आज जाकार्ता म्हणतात. त्याच्या गावाने १८९३ साली त्यास उंच चौथऱ्यावर चढविले.

परंतु चौथऱ्यापाशी एक दुसरी, अलीकडची पाटी आहे. तिच्यापुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. या कूनने १६२१ मध्ये बांदा बेटे जिंकून घेतली, तीही एका फळासाठी. जायफळ त्या काळी त्या चिमुकल्या बेटांवाचून पृथ्वीवर कोठेच पिकत नसे. तेथील लोक दुसऱ्या व्यापाऱ्यांस माल विकतात, हा त्यांचा अपराध. बहुतेक सारी वस्ती मारली गेली, उपाशी मेली, पळाली वा गुलाम करून नेली गेली. ही हकीकत चौथऱ्यावर कशी असेल? पुढे गावच्याच नागरिकांनी तक्रार केली. तो वाद चालू असतानाच, २०११ साली, एका यंत्राच्या धक्क्याने पुतळा खाली पडला. हा मात्र निव्वळ अपघात. आता तो पुन्हा उभारावा की नाही, यावर गावात चर्चा झाली. शेवटी पुतळा राहिला, पण २०१२ साली त्याच्या खाली नवा मजकूर लागला: या मनुष्याची थोरवी गाणारे आहेत, तसेच त्याच्या हिंसेमुळे तो या मानास पात्र नाही असे म्हणणारेही आहेत.

आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकून घेतले आणि इतकेच म्हटले, "आपण पुरणात घालतो तेच ना हो जायफळ?" तेच. आम्ही होय म्हटले. त्या पुढे बराच वेळ बोलल्या नाहीत. पुतळा पाडावा की ठेवावा याविषयी आमचे मत कोणी विचारलेले नाही. परंतु जुना दगड न हलविता त्याच्या शेजारी दुसरा लावण्याची ही रीत आमच्या मनात राहून गेली. याच वलंदेजांची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या गलबतांस तेथून रसद मिळे. तिचे भग्नावशेष आजही आहेत. हाती कागद घेऊन ते पाहावयास किती मंडळी जातात, कोण जाणे.

यंदा सुटीत नात अकोल्यास आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने विचारले, "आबा, आपल्या गावाचा कागद कुठे मिळतो?" आमची मान खाली गेली. साठ वर्षे या गावात राहून आम्ही मोर्णेपलीकडील जुने शहर पाहिले ते दोन कारणांनी: राजराजेश्वराचे दर्शन आणि श्रावणातील कावड. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर आणून ग्रामदैवतास अभिषेक करण्याची ही प्रथा १९४४ च्या अवर्षणात सुरू झाली असे सांगतात. तेवढे दोन प्रसंग सोडले तर नदी ओलांडण्याचे आम्हांस कधी प्रयोजन पडले नाही. तेव्हा आम्हीच कागद करावयास बसलो. १९१० च्या गॅझेटियरातील उतारे काढले, नातीने नकाशा रेखला, आकडे घातले, आणि एका रविवारी सकाळी उन्हाच्या आत तिघे निघालो.

गावाची मांडणी सोपी आहे. तटबंदीचे मूळ अकोला नदीच्या पश्चिम तीरावर, आणि ताजनापेठ, साहेबांचे बंगले व सरकारी कचेऱ्या पूर्व तीरावर, अशी इंग्रजी अमदानीतील वाटणी होती. पहिला आकडा अर्थातच किल्ल्याला, म्हणजे असदगडाला. अकोलसिंग नावाच्या कोणी पुरुषाने येथे सशाला कुत्र्याच्या मागे धावताना पाहिले आणि ही भूमी वीरांची जाणून मातीची भिंत घातली, अशी कथा आहे. असा ससा पुष्कळ गावांच्या कथांत धावतो. त्याला आम्ही अडविले नाही. दगडी काम औरंगजेबाच्या राज्यात त्याचा वजीर असदखान याच्या नावाने झाले. दहीहांडा वेशीवरील लेखाचे साल हिजरी १११४ असे दिलेले आढळते आणि त्यापुढे इसवी १६९७. नातीने तेथेच, बुरुजाच्या सावलीत, हिशेब मांडला. हिजरी वर्ष अकरा दिवसांनी लहान. तिचे उत्तर १७०२ आले. दोनदा केले, तरी तेच. छापलेल्या मजकुरावर एवढा विश्वास ठेवण्याची आमची पिढी. आमच्या ते कधी ध्यानात आले नसते.

१८०३ साली आर्थर वेलस्लीच्या फौजेचा तळ अकोल्यास पडला होता. तो पुढे अडगावास गेला आणि २९ नोव्हेंबरला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी त्याची लढाई झाली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन वॉटर्लूवर नेपोलियनला भिडला. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी तट पाडविला. आतील हवाखान्यात नंतर शाळा भरत असे. ज्याने किल्ला बांधला त्याला तेथे मुले पाढे म्हणतील असे वाटले नसेल.

वेशींची नावे त्या ज्या गावांकडे तोंड करून होत्या त्यांवरून पडली: दहीहांडा, अगर. अगरवेशीपाशी येऊन आम्ही कागद उघडला, तोच ओट्यावर बसलेल्या एका वृद्धाने हटकले, "काय पाहून राह्यले भाऊ?" वेस पाहतो म्हटले. "येशीत काय पाह्याचं? मी जलमापासून पाह्यतो." आम्ही गॅझेटियरातील नोंद मोठ्याने वाचली: या वेशीवरील मराठी लेखात, गोविंद आप्पाजीने १८४३ साली हा किल्ला बांधला असे आहे, आणि ते बाकीच्या सर्व लेखांच्या विरुद्ध आहे. वृद्ध गृहस्थ हसले. "म्हंजे दुरुस्ती केली असन अन् नाव ठोकलं असन आपलं."

आमचाही तर्क तोच होता. १८४३ म्हणजे निजामाची अमदानी. वऱ्हाड इंग्रजांकडे गेले ते १८५३ साली. पडकी वेस कोणी नीट केली, खर्चाची चिंता वाहिली, गवंड्यांच्या मागे उभा राहिला, आणि दीडशे वर्षांपूर्वीचा तट आपल्या नावावर चढवून मोकळा झाला. तो खोटे बोलला असे म्हणावयास आमची जीभ धजेना. काम तर त्याने केलेच असावे.

इतक्यात नात म्हणाली, "मग आपल्या दारावरची पाटीही अशीच ना, आबा?"

तिला हे कोणी सांगितले ते आम्ही विचारले नाही. सौभाग्यवती नदीच्या दिशेने पाहत होत्या.

पाटीवर आमच्या आजोबांचे नाव आहे आणि 'यांनी हे घर बांधिले, शके १८५३' एवढाच मजकूर. आजोबांची धाकटी बहीण, आमची माई, अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली व याच घराच्या माजघरात १९६४ साली वारली. तिच्या वाट्याला सासरचे शेत आले होते. ते विकून आलेला पैसा व तिच्या पाटल्या-गोठ मिळून घराच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग झाला, हे आजोबांच्याच हातच्या रोजकीर्दीत आहे. 'माईचे जमा' अशा चार नोंदी. ती वही वीस वर्षांपूर्वी माळ्यावर सापडली, आम्ही व दादांनी ती वाचली, आणि पुन्हा बासनात बांधली. त्यावर एक शब्दही झाला नाही. माई आम्हांस आठवते ती जात्यापाशी, किंवा पंगत उठल्यावर एकटी जेवताना.

त्या संध्याकाळी आम्ही दादांपाशी विषय काढला. दादा ऐंशीच्या घरात आहेत, आणि या घरात त्यांच्या शब्दापुढे आम्ही कधी शब्द ठेवलेला नाही. ते म्हणाले, "आजोबांनी चोरी केली असे लिहावयाचे का दारावर?" आम्ही होर्नच्या पुतळ्याची हकीकत सांगितली. त्यांना ती मुळीच आवडली नाही. "तो कोण खुनी, आणि आपले आजोबा कोण! त्यांनी तिला सांभाळले. त्या काळी किती जणांनी बहिणी दाराबाहेर काढल्या!" हेही खोटे नव्हते. माईचे केशवपन आजोबांनी होऊ दिले नाही, म्हणून तीन वर्षे गावातील भिक्षुक आमच्याकडे फिरकले नव्हते. हे दादांनी स्वतः तिच्याच तोंडून ऐकलेले. आणि वहीत त्यांनी तिची पै न् पै लिहून ठेवली. लपवावयाची असती तर कोण लिहितो? मग पाटीवर का नाही लिहिले, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. दादांनीच तो थोड्या वेळाने विचारला, आणि उत्तराची वाट न पाहता ते आत गेले.

आठ दिवस घरात कोणी त्याबद्दल बोलले नाही. नात परत गेली. नवव्या दिवशी दादा एक चिठोरे घेऊन आले. त्यावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात होते: 'या घरास भगिनी माई यांचे द्रव्य लागले आहे.' पाटी आजोबांच्या पाटीखाली, त्याच संगमरवरात, अक्षर तेवढेच मोठे. आम्ही लगेच पाथरवटाकडे गेलो. त्याने अक्षरे मोजली, भाव सांगितला, आणि विचारले, "माई म्हणजे नाव काय लिहायचं?"

आम्ही घरी येऊन दादांस विचारले. त्यांस ठाऊक नव्हते. आमच्या सौभाग्यवतींस नव्हते, धाकट्या वहिनींस नव्हते. वहीत चारही ठिकाणी 'माई'. तिच्या पोथीच्या पहिल्या पानावर एक नाव सापडले, परंतु ते सासरचे, ज्या घरात ती दोन वर्षेही नांदली नाही. दादांचे म्हणणे, घर माहेरचे, पैसा तिचा, तेव्हा नाव माहेरचेच हवे. मूळ गावी भाऊबंदांपैकी एक नव्वदीचे काका आहेत. त्यांस दादांनी स्वतः पत्र घातले आहे आणि रोज दुपारी टपालवाल्याच्या वेळेस ते ओसरीवर येऊन बसतात. पाथरवटाला तोवर थांबावयास सांगितले आहे.