गाडीच्या विम्यात माझं नाव कुठे?



आमच्या गाडीचा विमा दर वर्षी हेच भरतात. एजंटचा फोन येतो, हे “करून टाका” म्हणतात, कागद ड्रॉवरमध्ये जातो. यंदा हे दुकानात होते म्हणून फोन मी घेतला.

गाडी आठ वर्षांची. ह्यांचं म्हणणं, आता थर्ड पार्टी तेवढा पुरे, कायद्याने तोच सक्तीचा. आपल्या गाडीने कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई त्यातून होते, तो हवाच. पण आम्ही राहतो सांगलीत! २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर घाईने किल्ली फिरवली आणि इंजिन बसलं. पुराचं नुकसान पूर्ण विम्यात येतं, पण पाणी शिरलेली गाडी चालू केल्याने गेलेलं इंजिन येत नाही, हे तेव्हा कळलं. त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण लागतं. आता गाडीच्या वयामुळे तेही मिळेना. म्हणून पूर्ण विमा ठेवला, आणि गाडी भिजली तर किल्लीला हात लावायचा नाही, टो करूनच न्यायची, असं घरात बजावलं.

आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम, एजंट कमी लिहू म्हणत होते. हप्ता कमी होतो ना. मी आधी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला भाव विचारला आणि तेवढीच लिहायला सांगितली.

मग कागदावर दिसलं : मालक-चालक अपघात विमा, १५ लाख. मी विचारलं, “मी चालवत असले तर?”

“वहिनी, गाडी साहेबांच्या नावावर आहे. ते त्यांच्यासाठी.”

हे दुकानाला स्कूटरवर जातात. मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, रविवारी बाहुबलीचं दर्शन, सगळीकडे गाडी मी नेते. आणि त्या कागदावर माझं नावच नव्हतं.

रात्री ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, “कर्मात असेल ते होतं.” दुकानाचा आगीचा विमा मात्र हे एक दिवस चुकवत नाहीत! सासूबाई आतून म्हणाल्या, “असलं अशुभ बोलू नये गं.” जरा वेळाने बाहेर येऊन विचारलं, “मागं बसणाऱ्यांना काही मिळतं का?”

मिळतं, पण मागावं लागतं. प्रत्येक सीटमागे दोन लाखांपर्यंतचा प्रवाशांचा अपघात विमा घेतला. गाडीच्या पॉलिसीत माझं नाव घालूनही दोन लाखच होत होते, म्हणून माझ्यासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा पाहिला. तो गाडीला बांधलेला नसतो, एसटीत बसले तरी चालतो. एका कंपनीने माझं उत्पन्न विचारलं आणि गृहिणीला एवढी रक्कम देत नाही म्हणून सांगितलं. (घरकामाचं मोल कळलं!) दुसरीकडे १५ लाखांचा मिळाला. एकूण हप्ता वाढला, यंदाची दिवाळीची साडी त्यात गेली.

फॉर्मवर नॉमिनी म्हणून ह्यांचं नाव लिहिलं. ह्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, आणि म्हणाले, “पुढच्या आठवड्यात आरटीओत जाऊन गाडी तुझ्या नावावर करू या का?”