ज्याला मी भेसळ म्हणत होतो

दोन शैली एकत्र आल्या की दोन्हींचं सत्त्व जातं, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत मोठ्याने सांगतही असे. जाझ आणि हिप-हॉपच्या संगतीला तर मी चोरीच म्हणायचो. जुन्या वादकाच्या तबकडीतला एक तुकडा कापायचा, तोच फिरवत ठेवायचा आणि वर बडबड करायची, यात कसली आली कला?

हे मत बदललं १९९३च्या ‘जाझमटाझ, व्हॉल्यूम १’ने. हा अल्बम ‘गँग स्टार’ या जोडीतल्या गुरू नावाच्या रॅपरचा. ब्रह्मपुरीहून वडशाकडे नाटकाला जाताना भाच्याने तो गाडीत लावला. मी बंद कर म्हणणार, तेवढ्यात ट्रम्पेट ओळखीचं वाटलं. ते डोनाल्ड बर्डचं निघालं.

रॅपवाले ज्यांच्या तबकड्या कापत होते, त्या माणसांनाच गुरूने स्टुडिओत बोलावलं होतं. ट्रम्पेटवर बर्ड, व्हायब्राफोनवर रॉय एअर्स, सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस. सोलचा गळा एनडिया डेव्हनपोर्ट आणि कार्लीन अँडरसन यांचा. खाली ड्रमचं आवर्तन तबल्याच्या ठेक्यासारखं न बदलता फिरत राहतं, म्हणूनच वर ट्रम्पेटला हिंडायला मोकळीक मिळते. गुरूचा आवाज सपाट आणि संथ. तो वाद्याच्या आड येत नाही.

मग मी बर्डविषयी वाचलं आणि उरलासुरला ताठाही गेला. आर्ट ब्लेकीच्या जाझ मेसेंजर्समध्ये वाजवलेल्या या माणसाने १९७३ साली ‘ब्लॅक बर्ड’ काढला तोच सोल आणि फंक मिसळून. जाझच्या समीक्षकांनी त्याला झोडपलं, पण ब्लू नोट कंपनीच्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांत तो जाऊन बसला. ज्याच्या शुद्धतेची मी राखण करत होतो, त्याने स्वतःच वीस वर्षं आधी कुंपण ओलांडलं होतं. आणि मुळात जाझ तरी कुठून आलं? न्यू ऑर्लिन्समधल्या ब्लूज, रॅगटाइम आणि ब्रास बँडच्या मिसळणीतूनच ना?

पुढे एका रात्री नाटक बघताना हाच विचार घरापर्यंत आला. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दंडार, खडीगंमत हे लोकनाट्यप्रकार होते, पुढे पडद्याचं नाटक आलं. दिवाळीनंतर शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने ते रात्रभर चालतं. ऑर्गन, तबला, क्लॅरिओनेट यांच्या पंगतीला ऑक्टोपॅडही येऊन बसला. नाट्यपद, लावणी आणि सिनेमाची चाल एकाच रात्रीत ऐकत मी लहानाचा मोठा झालो, त्याला कधी भेसळ म्हटलं नाही. २०२३ साली झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा याच रंगभूमीचा सन्मान झाला म्हणून आम्ही सगळेच हरखलो. आपल्या घरची मिसळण ती परंपरा आणि परक्याची ती भेसळ, असा माझा दुटप्पी हिशेब होता.

म्हणून आता सगळंच गोड लागतं असं नाही. वादकांना घरी बसवून नुसता ट्रॅक वाजवणं मला आजही खटकतं, मग ते न्यूयॉर्कमध्ये असो की कुरखेड्यात. ज्याची कला घेतली त्याचं नाव घेतलं का, त्याचा मोबदला त्याला दिला का आणि जमलं तर त्याला शेजारी बसवलं का, एवढंच मी आता बघतो. ‘जाझमटाझ’ या तिन्ही प्रश्नांना उतरतो. आमचं झाडीपट्टीचं नाटकही बऱ्याच अंशी उतरतं.

अल्बम ऐकायचा असेल तर बर्डचं ‘लाउंजिन’ आधी लावा. आणि यंदाच्या हंगामात आमच्याकडे आलात, तर नाटकाला जागा धरताना वादकांच्या जवळची धरा.