शहापूरच्या घराचा माळा

बेळगावात शहापूरला आमचं घर. शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हा पणजोबांनी बांधलेलं. मंगळुरी कौलं, सागवानी कैच्या. माळ्यावर चिंचेच्या बरण्या, गणपतीचं मखर, जुन्या ट्रंका. गल्लीतली बरीच घरं पाडून अपार्टमेंटं झाली. धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, आपणही देऊन टाकूया." त्यात लेक सातवीत गेली, तिला स्वतःची खोली हवी. खाली जागाच नाही.

माळ्याची उंची आढ्याखाली आठ फूट, कडेला चार. कैचीची आडवी तुळई छातीला लागते. सुतारमामांना विचारलं, कापता येईल का? ते म्हणाले, "हिनं दोन्ही भिंती धरून ठेवल्यात. ही कापलासा तर वासे भिंतींना बाहेर ढकलतील बघा."

मग दोन कैच्यांमधला सात फुटांचा गाळाच खोली केला. उतरत्या बाजूला पलंग आणि पुस्तकं, मधे उभं राहायला जागा. फळ्यांखाली दोन जादा तुळया टाकल्या. शिडी काढून कठड्याचा जिना केला. उजेडाला दोन काचेची कौलं. उन्हाळ्यासाठी कौलांखाली फळ्यांचं छत, मधे हवा खेळायला फट. फुटकी कौलं मिरगाआधीच बदलली.

लेक तुळईखालून वाकून जाते, तिच्यावरच ओढणी वाळत घालते. परवा भाऊ वर जाऊन बसला, बराच वेळ. खाली येऊन म्हणाला, "हिची दहावी होऊ दे, मग बघू."

तुमच्या घरचा माळा आहे का अजून? काय ठेवलंय त्यावर?