तासाला तास

कॅसेटी घेऊन येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘ताई, किती वेळ लागेल?’’ एका तासाच्या कॅसेटला एक तास, असं म्हटलं की चेहरा पडतो. फोनमधलं सगळं चुटकीसरशी इकडून तिकडे जातं, मग हिलाच काय धाड भरली? पण कॅसेटवर फाइल नसतेच. ती कॅमेऱ्यात घालून सुरुवातीपासून चालवावी लागते आणि हेडखालून जे येईल ते फायरवायरच्या तारेतून कॉम्प्युटर उतरवून घेतो. यात घाई करायला जागाच नाही. मला विचाराल तर हा तास वाया जात नाही. संपादनाचं निम्मं काम त्यातच होतं.

मी बोलतेय ते एचडीव्हीबद्दल. २००३ साली सोनी, जेव्हीसी, कॅनन आणि शार्प यांनी मिळून हे मानक ठरवलं. टेप तीच ठेवली, मिनीडीव्हीची, काडेपेटीहून जरा मोठी. सेकंदाला २५ मेगाबिट हा माहितीचा वेगही जुन्या डीव्हीचाच. पण चित्र एमपेग-२ पद्धतीनं आवळून त्याच जागेत १४४० बाय १०८० बसवलं. ही किमया फुकटात झाली नाही. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या कॅमेऱ्यात साधारण १२ फ्रेमचा एक गट असतो : एक चित्र पूर्ण, बाकीच्यांत फक्त काय बदललं एवढंच. टेपवर एखादा ओरखडा असला तर डीव्हीत चारदोन चौकोन चमकून जायचे. इथे अख्खा गट बिघडतो आणि अर्धा सेकंद चित्र गोठतं. नवरा-नवरी एकमेकांना हार घालताहेत आणि नेमका तोच अर्धा सेकंद गेला, असं होतं.

म्हणून कॅसेट घातल्या घातल्या कॅप्चर सुरू करू नये. आधी ती शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे आणावी, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेले वेढे मोकळे होतात. पावसाळ्यात कॅमेरा दमटपणाची खूण दाखवून हटून बसतो. त्याच्याशी हुज्जत घालू नये, कोरड्या खोलीत तासभर उघडा ठेवावा. यूएसबीची तार बहुतेक कॅमेऱ्यांत कार्डावरच्या फोटोंपुरतीच असते, टेपसाठी फायरवायरच हवी. तिचं खोबण नव्या लॅपटॉपला नसतं. फायरवायरचं कार्ड असलेला एक जुना डेस्कटॉप मी एवढ्यासाठीच सांभाळून आहे. तासाभराची कॅसेट साधारण १२ जीबी होते. वीसेक मिनिटांनी कॅप्चर आपोआप थांबत असेल तर बाहेरची डिस्क फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेली असणार; तिला ४ जीबीच्या वरची फाइल झेपत नाही.

आणखी एक मेख कॅमेऱ्याच्या मेनूत असते. फायरवायरमधून एचडीव्ही जसंच्या तसं पाठवायचं की डीव्हीत उतरवून, हे तिथे ठरतं. ते डीव्हीवर राहिलं असेल तर कॅमेरा चकार शब्द न काढता ७२० बाय ५७६ पाठवतो. दुकानातून स्वस्तात ‘डिजिटल’ करून आणलेल्या पुष्कळ फाइली अशाच निघतात. लोकांना वाटतं, टेप खराब झाली. टेप ठणठणीत असते.

अमेरिकेहून भावानं आणलेल्या कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळी. तो सेकंदाला साठ फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, घेणारा आणि आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली अख्खं लग्न लुकलुकतं. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवलं असतं तर निभावलं असतं, पण लग्नघाईत हे कोण बघणार! असं चित्रण पालच्या चित्रणात मिसळण्याचा आग्रह मी मोडून काढते. दोन वेगळ्या फिल्म करू, म्हणते. आणि फील्डचं म्हणाल तर पन्नास फील्डच्या पन्नास फ्रेम कराव्यात, पंचवीस नव्हे. अंगणात पळणारं पोर पळताना दिसलं पाहिजे, धक्के खात जाताना नव्हे.

कॅप्चर चालू असताना मी समोर बसते, हेडफोन लावून. चित्राकडे निम्मं लक्ष, आवाजाकडे पूर्ण. घरच्या चित्रणात एक माणूस कधीच दिसत नाही, तो म्हणजे कॅमेरा धरणारा. बहुधा मामा, काका नाहीतर वडील. पण माइकच्या सगळ्यात जवळ तोच असतो. ‘‘आत्याला पुढे येऊ द्या रे,’’ ‘‘आई, इकडे बघ,’’ हे सगळं त्याचं. एका मुंजीच्या कॅसेटमध्ये मातृभोजन संपल्यावर मामा कॅमेरा बंद करायला विसरला होता. पुढची काही मिनिटं नुसत्या फरशा, चपला, पंगतीत वाढणाऱ्याचे पाय. चित्र म्हणून टाकाऊच. पण वर मामा आणि मुलाचे आजोबा बोलत होते : जिलबी कमी पडेल का, मुलगा रडला कसा नाही, याच्या बापानं केवढा गोंधळ घातला होता. आजोबा आता नाहीत आणि त्यांचा एवढा सलग आवाज त्या घरात दुसरीकडे कुठे नाही. फरशा मी काढल्या, आवाज ठेवला आणि त्याखाली पंगतीची आधीची दृश्यं पसरली. चित्र आणि आवाज एकाच ठिकाणी कापायचे असतात, असा नियम कुठेही नाही. कार्डावरून फाइली ओढून लहानलहान चित्रं बघत निवड केली असती तर ही क्लिप पहिल्या फटक्यात उडाली असती.

गिऱ्हाइकांची मागणी मात्र उलटी असते. ‘‘तो गोंगाट काढा आणि छानसं गाणं टाका.’’ मी गाणं टाकून देते, पण दुसऱ्या प्रतीत. पहिली प्रत मूळ आवाजाचीच. ज्या गाण्यावर आज पाय थिरकतात त्याचा चार वर्षांनी वीट येतो, आणि गाण्याखाली दाबलेला आवाज त्या फाइलमधून पुन्हा वर काढता येत नाही.

तेव्हा माळ्यावर अशा कॅसेटी असतील तर काढा. टेप पुसट होत जाते हे खरंच, पण त्याआधी ती वाचणारी यंत्रं संपताहेत. अ‍ॅपलनंही २०२५ च्या मॅकओएसमधून फायरवायर काढून टाकलं. कॅप्चर झालेली मूळ फाइल जशी आली तशी दोन डिस्कवर ठेवा, संपादन तिच्या प्रतीवर करा. आणि सगळ्या कॅसेटी उतरवून, एकदा पाहून होईपर्यंत तो जुना कॅमेरा, त्याचा चार्जर आणि ती तार भंगारात देऊ नका.