असीरगडाची वाट

रावेरहून बऱ्हाणपूर आणि तिथून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड. आज तो मध्य प्रदेशात आहे, पण इतिहासाने आमच्या खान्देशाचाच. फारुकी सुलतानांचा हा मोठा आधार. जानेवारी १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती आला आणि शहजादा दानियालच्या नावावरून खान्देशाला 'दानदेश' म्हटले जाऊ लागले.

आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलामुलींना घेऊन हा किल्ला चढतो. वर जायला गाडीरस्ता आहे. तरी आम्ही जुन्या पायऱ्यांची वाट धरतो. पायथ्यापासून सुमारे २६० मीटर चढ आणि एकामागून एक दरवाजे. अकबराच्या फौजेलाही वेढा घालून महिनोन्‌महिने का थांबावे लागले, हे मुलांना फळ्यावर सांगावे लागत नाही. पोटऱ्याच सांगतात.

सहलीच्या आठ दिवस आधी आमच्यापैकी दोघे-तिघे वाट पाहून येतात. पावसाळा नुकताच सरलेला असतो. गवतात पायऱ्या बुडालेल्या असतात. सावलीतल्या कातळावर शेवाळ ओलेच राहते. झाडांच्या मुळांनी काही दगड उचललेले असतात; वरून भक्कम दिसतात, पाय ठेवला की हलतात. चढताना त्रास कमी, उतरताना सुट्या मुरमावरून पाय घसरतो. म्हणून रबरी चपला नकोत, ओढणीला गाठ हवी, पाणी प्रत्येकाजवळ हवे आणि ऊन कलण्याआधी उतरायला लागायचे.

एवढी काळजी कशासाठी? परवानगी मागायला घरी गेलो की अम्मी दाराआडून विचारतात, "सर, रास्ता ठीक है ना?" त्यांची काळजी खोटी नसते. पण मुलाचा पाय मुरगळला तर तो चार दिवस लंगडतो आणि विषय संपतो. मुलीचा मुरगळला तर पुढच्या वर्षी मोहल्ल्यातल्या दहा मुलींची नावे यादीतून जातात. एका हलणाऱ्या दगडाची किंमत एवढी आहे.

आणि त्या वर पोहोचल्याच पाहिजेत. किल्ल्याच्या कातळात मोगलकालीन फारसी लेख कोरले आहेत. भाषा परकी, पण लिपी आमच्या मुलींच्या रोजच्या वहीतली. लेखासमोर त्या बोटाने हवेत अक्षरे गिरवतात, एखादा शब्द जुळला की एकमेकींना हाका मारतात. शाळेत शिकलेल्या लिपीने बादशाहांच्या काळापर्यंत हात पोहोचतो, हे त्यांना तिथे उमगते.

या वाटेसाठी फार मोठा खर्च लागणार नाही. पाऊस सरल्यावर गवत कापावे, सुटे दगड बसवावेत, उतारावर चार ठिकाणी हाताला आधार द्यावा. मग अम्मींच्या प्रश्नाला आम्ही बेधडक 'हो' म्हणू शकू, आणि यादीतले एकही नाव खोडावे लागणार नाही.