अम्मीचा अंगठा

गेल्या रमजानमध्ये कंडेन्स्ड मिल्कचा डबा सुरीने फोडताना अम्मीचा अंगठा कापला. तीन टाके पडले. ईदचा शीरखुर्मा बहिणीने केला.

टिनच्या डब्याचे पेटंट 1810 साली इंग्लंडमध्ये निघाले, अमेरिकेत ओपनरचे 1858 साली. तोवर छिन्नी-हातोडी. आमच्या घरात अजून सुरीच होती!

मी चिकलठाणा एमआयडीसीत फिटर. स्टीलच्या पट्टीला डब्याच्या काठाखाली अडकणारा आकडा केला. आकड्यापासून 2 सेंमीवर टोकदार पाते, 12 सेंमीवर मूठ. म्हणजे हाताचा जोर पात्यावर सहापट.

अम्मी म्हणाली, “बेटा, डबा उघडतो, पण मूठ टोचते.” मग लाकडाची गोल मूठ बसवली.

यंदा इफ्तारीआधी तिने स्वतः डबा उघडला. आता शेजारच्या खालांनाही एक हवे आहे.