हंगामी हजेरी

आमच्या उर्दू शाळेतला एक मुलगा सहावीपासून दर डिसेंबरात दहा-बारा दिवस गायब होतो. ताप, मामूचे लग्न, दादीची तब्येत अशा सबबी तो आणत असे. आम्हीही त्या ऐकून घेऊन हजेरीपटात गैरहजेरी मांडत असू. गेल्या डिसेंबरात तो आठवीत होता. एका संध्याकाळी आम्ही कल्याणहून डोंबिवली पूर्वेला काही कामासाठी गेलो, तर फडके रोडजवळ साहेब सांताची लाल टोपी घालून बसलेले! समोर प्लास्टिकची नाताळची झाडे. खोक्यात दबून आलेल्या झाडाची एकेक फांदी तो बोटांनी उलगडत होता. आम्हांला पाहताच त्याने आधी टोपी लपवली, मग सलाम केला.

"बसा मास्टरसाहेब," म्हणत त्याच्या अब्बांनी स्टूल पुढे केले.

या गृहस्थांना पक्के दुकान नाही. राख्या, झेंडे, कंदील, नाताळ, पतंग. रमजानात खजूर आणि टोप्या. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, दिवाळी अधिक महिन्याप्रमाणे मागेपुढे होते, 25 डिसेंबर मात्र जागचा हलत नाही, म्हणून तो त्यांचा लाडका. चंद्राच्या हिशेबाने 2030 साली रमजान दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, हे आम्हांला त्यांच्याकडून कळले. म्हणजे झाडे आवरता आवरताच खजूर मांडायचे.

माल क्रॉफर्ड मार्केट नि अब्दुल रहमान स्ट्रीटवरून येतो, निम्मा उधारीवर. दिवाळीत न खपलेले चांदणीचे कंदीलही इथेच टांगलेले होते. "'शुभ दीपावली'ची पट्टी काढली की झाला नाताळचा तारा," ते हसून म्हणाले. गिऱ्हाईक बहुतेक हिंदू घरांतले, नर्सरीतल्या पोराच्या हट्टापुढे हरलेले. यावर एखादा वक्ता एकात्मतेचे भाषण ठोकील. अब्बांना घोर 25च्या रात्रीचा. उरलेले झाड व्यापारी परत घेत नाही. ते अकरा महिने पलंगाखाली झोपते, आणि पलंगावर माणसे.

एवढ्यात "गाडी, गाडी!" अशी हाक आली. अब्बांनी चादरीची चार टोके उचलली आणि ते गल्लीत दिसेनासे झाले. पोराने एक झाड आमच्या हातात कोंबले, "सर, पकडा!" आणि तोही पळाला. आम्ही भररस्त्यात झाड घेऊन उभे. एक बाई थांबून विचारते, "केवढ्याला?" बी.एड.ला याचे उत्तर शिकवलेले नव्हते.

एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर नोव्हेंबर 2017 मध्ये उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. चेंगरून मेलेल्यांचा विचार केला तर ती मनाई आम्हांला चुकीची वाटत नाही. 2014च्या पथविक्रेता कायद्याने पाच वर्षांतून एकदा तरी पाहणी करून प्रमाणपत्र द्यायचे आहे. पण दहा दिवस या रस्त्यावर नि दहा दिवस त्या रस्त्यावर बसणारा माणूस पाहणीत सापडावा कसा? त्या कायद्यात प्रमाणपत्रासाठी वयाची अट चौदा पूर्ण, किंवा राज्य ठरवील ती. शिक्षण हक्क कायदा तर चौदापर्यंत मुलाला शाळेतच बसवतो. आमचा विद्यार्थी तेव्हा तेरा वर्षांचा होता.

4 जुलै 2015 रोजी राज्यभर एकाच दिवसात शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली. आम्ही तेव्हा नोकरीत नवे होतो. दारोदार फिरलो, मुले मोजली. आता वाटते, जुलैत असे मूल सापडणार तरी कसे? जुलैत हंगाम कसला! तेव्हा ते बाकावरच असते.

गाडी गेल्यावर मुलगा परतला. त्याने आमच्या हातातले झाड घेतले आणि त्या बाईंशी घासाघीस करून विकलेही. पैसे मोजताना तो हळूच म्हणाला, "सर, अब्बांना रागावू नका. मीच येतो म्हटलं."

आम्ही रागावलो नाही. रागावायला हवे होते का, हे अजून ठरत नाही. जानेवारीत तो वर्गात आला तेव्हा नफा-तोट्याचे उदाहरण आम्ही त्यालाच फळ्यावर सोडवायला लावले. झाडाची खरेदी, भाडे, उधारी सगळे त्याने मांडले. उत्तरात तोटा आला. वर्ग हसला, तोही हसला. त्याचे ते अकरा दिवस आम्ही हजेरीपटात पेन्सिलीने मांडले होते. महिनाअखेरीस मुख्याध्यापकांनी पट मागितला, तरी शाईने गिरवायचे आमच्याने झाले नाही.